ध्वनिमुद्रिका आणि श्रवण : पुनरावृत्तीच्या परिणामाचा एक विचार

१

यंत्राच्या साहाय्याने कलाकृतीच्या असंख्य प्रती निघू लागल्या म्हणजे कलेच्या आस्वादात कोणता पालट होतो, हा प्रश्न विसाव्या शतकातील सौंदर्यविचारात वारंवार उपस्थित झालेला आहे. या प्रश्नाची सर्वाधिक चर्चिली गेलेली मांडणी वाल्टर बेंजामिन (१८९२–१९४०) या जर्मन विचारवंताच्या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आढळते. मूळ कलाकृती एका विशिष्ट स्थळी व विशिष्ट काळी असते. त्या एकमेव अस्तित्वामुळे तिच्याभोवती एक तेजोवलय निर्माण होते. यंत्रनिर्मित प्रती सर्वत्र उपलब्ध झाल्या म्हणजे हे वलय क्षीण होते आणि कला पूजाविधीच्या कक्षेतून बाहेर पडून सर्वसामान्यांच्या हाती येते, असे या मांडणीचे स्थूल सार सांगता येईल. बेंजामिनने या घटनेविषयी केवळ शोक केलेला नाही. वलयाच्या लोपात त्याला बहुजनांच्या मुक्तीची शक्यताही दिसत होती, हे त्याच्या टीकाकारांनी पुष्कळदा नजरेआड केले आहे.

तथापि ही मांडणी मुख्यत: छायाचित्र व चित्रपट यांना समोर ठेवून झालेली आहे. ज्या कलेत मूळ कृती नावाची स्थिर वस्तूच नसते, त्या कलेला ती कितपत लागू पडते, हा प्रश्न तिच्यात अनुत्तरित राहतो. हिंदुस्थानी ख्यालगायन ही अशी एक कला होय. तिचा यंत्राशी संबंध १९०२ साली आला आणि तो आजतागायत अखंड चालू आहे. या संबंधाची चर्चा मराठीत झाली ती बहुधा दोन मुद्यांपुरती मर्यादित राहिली. ध्वनिमुद्रिकेने गाणे तीन मिनिटांत कोंबले, हा एक. आणि तिने गाणे घरोघर नेले, हा दुसरा. संक्षेप हा दोष व प्रसार हा गुण, असा जमाखर्च मांडून विषय संपविला जातो.

हे दोन्ही मुद्दे खरे असले तरी मूळ प्रश्नाच्या गाभ्याला ते स्पर्श करीत नाहीत. ध्वनिमुद्रिकेने जो खोलवर पालट घडविला तो तिच्या लांबीमुळे नव्हे, अगर तिच्या खपामुळेही नव्हे. तेच गाणे तसेच्या तसे पुन: पुन्हा ऐकण्याची जी सोय तिने केली, त्या सोयीमुळे तो घडला. या पुनरावृत्तीने श्रोत्याला काय दिले, त्याच्यापासून काय घेतले आणि संगीतविषयक मूल्यमापनावर तिचा कोणता परिणाम झाला, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम यंत्रपूर्व श्रवणाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. मैफिलीतील श्रोता हा निव्वळ ग्राहक नव्हता. तंबोरे जुळत असताना तो बसून असे. गवयाने षड्ज लावला की त्या दिवशी आवाज कसा लागला आहे याचा अंदाज तो घेई. विलंबित लयीत राग उलगडू लागला म्हणजे आवर्तनागणिक समेची वाट पाही, आणि गवई अनपेक्षित वळणाने समेवर आला की त्याच्या तोंडून सहजच दाद जाई. ही दाद म्हणजे उपचार नव्हे. कोणत्या जागेला दाद मिळाली यावरून गवई पुढची दिशा ठरवीत असे. जाणकार समोर असले तर तो अवघड वाटेने जाई. नसले तर सोपी वाट धरी. अशा रीतीने ऐकणाऱ्याचा गाण्याच्या घडणीत प्रत्यक्ष वाटा असे. गाणे संपले की ते संपले. श्रोत्याजवळ उरे ती स्मृती, आणि ती स्मृती सांगताना ती थोडीबहुत वाढतही असे.

नाट्यगृहात या संबंधाचे अधिक ठळक रूप दिसत होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ १९१६ साली रंगभूमीवर आले. त्यातील पदांच्या चाली भास्करबुवा बखले यांनी दिल्या होत्या व रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व गात होते. पद संपले की प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ची मागणी होई, आणि ती मान्य होऊन पद पुन्हा म्हटले जाई. नाटके पहाटेपर्यंत चालत, याचे एक मोठे कारण हेच होय. या प्रथेवर नाट्यदृष्ट्या पुष्कळ टीका झालेली आहे आणि ती अयोग्यही नाही. रुक्मिणीची कथा वन्स मोअरसाठी खोळंबून राहते, हे नाट्यधर्माला सोडूनच आहे. परंतु श्रवणाच्या दृष्टीने वन्स मोअरचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. प्रेक्षक ‘पुन्हा एकदा’ म्हणत तेव्हा त्यांना जसेच्या तसे ते गाणे अपेक्षित नसे. दुसऱ्या वेळी तीच ओळ निराळ्या अंगाने यावी, तिसऱ्या वेळी एखादी नवी हरकत निघावी, ही त्यांची अपेक्षा असे. आणि गायक-नट ती पुरी करीत असे. येथे पुनरावृत्ती ही नवनिर्मितीला दिलेले आमंत्रण होती.

याच बालगंधर्वांची पदे ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने महाराष्ट्रातील घरांत गेली. तबकडी संपली की सुई उचलून पुन्हा आरंभावर ठेवावी, म्हणजे तेच पद पुन्हा ऐकू येई. बाह्यत: हाही वन्स मोअरच होता. परंतु या वेळी येणारी हरकत तीच, श्वास घेण्याची जागा तीच आणि समेवर येण्याची रीतही तीच असे. प्रेक्षागृहातील वन्स मोअर गायकाला उद्देशून होता. घरातील वन्स मोअर यंत्राला उद्देशून होता. दोन्ही ठिकाणी श्रोत्याची इच्छा एकच असली तरी तिचे फळ परस्परविरुद्ध होते. या एका उदाहरणात प्रस्तुत विषयाचे सर्व सूत्र सामावलेले आहे.

३

ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या परिस्थितीकडे वळले असता असे दिसते की, यंत्राने प्रथम गायकालाच श्रोत्यापासून अलग केले. १९०२ सालच्या नोव्हेंबरात फ्रेडरिक गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला व त्याने गौहरजान प्रभृतींचे गायन मुद्रित केले. त्या काळी विद्युत्-ध्वनिक्षेपक नव्हता. गायिकेने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्या आवाजात गावे, आवाजाच्या कंपनांनी सुई हलावी आणि मेणाच्या तबकडीवर चर पडावी, अशी ती रीत होती. मान वळविण्याची किंवा हाताने आविर्भाव करण्याची सोय नव्हती. तंबोऱ्याचा झंकार कर्ण्यात जवळजवळ येतच नसे. समोर दाद देणारे कोणी नव्हते. मुद्रणानंतर साचे जर्मनीत हॅनोव्हर येथे पाठविले जात व तेथे तबकड्या तयार होत. तेथील कामगारांना गायिका कोण हे कळावे म्हणून गौहरजान गाण्याच्या अखेरीस आपले नाव उच्चारीत असे. १९०८ साली कलकत्त्यात तबकड्यांचा कारखाना निघाल्यावर ही गरज उरली नाही. परंतु गाण्याच्या शेवटी दाद येण्याऐवजी गाणाऱ्याचे नाव यावे, ही गोष्ट नव्या परिस्थितीची द्योतक म्हणावी लागेल. गाणे आता ज्याच्यासाठी गायिले जात होते तो श्रोता अज्ञात होता, आणि अनुपस्थितही होता.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. जो ख्याल मैफिलीत तासभर चालावयाचा तो या अवधीत कसा बसवावा, हा गवयांपुढील प्रश्न होता. काहींनी नुसती बंदिश म्हणून चार ताना मारल्या व वेळ संपविली. परंतु अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांच्या १९३० नंतरच्या ध्वनिमुद्रिकांकडे पाहिले म्हणजे या बंधनाचा एक निराळाच उपयोग झालेला दिसतो. त्यांची वसंत रागातील चीज किंवा झिंझोटीतील ठुमरी ही मोठ्या गाण्याची कापून काढलेली फोड वाटत नाही. पहिल्या स्वरापासून रागाचे संपूर्ण वातावरण उभे राहते. विस्ताराचे टप्पे गाळून त्यांतील भावार्थ तेवढा ठेवलेला असतो. आणि तीन मिनिटांच्या अखेरीस काही राहून गेले अशी रुखरुख लागत नाही. भावगीताचा किंवा सुनीताचा बंदिस्त घाट ज्या प्रकारचे समाधान देतो, त्या जातीचे हे समाधान आहे.

येथे बेंजामिनच्या सिद्धांताची एक मर्यादा स्पष्ट होते. त्याच्या मते प्रत ही मूळ कृतीचे तेज हरण करते. परंतु खाँसाहेबांच्या या तबकडीला मूळ कृती कोणती? मैफिलीत त्यांनी ती ठुमरी अनेक वार गायिली असेल. मात्र तीन मिनिटांच्या या घाटात ती मुद्रणकक्षातच जन्मास आली. तबकडीच्या हजारो प्रती आहेत, आणि त्या सर्वांचे जे मूळ ते स्वत:च मुद्रण आहे. चित्राच्या छापील प्रतीमागे एक चित्र असते; या प्रतीमागे दुसरे गाणे नाही. म्हणून ध्वनिमुद्रिकेला मैफिलीची छाया मानणे जितके चूक, तितकेच तिला मैफिलीची जागा घेणारी मानणेही चूक होय. ती एक स्वतंत्र जात आहे, आणि तिचे गुणदोष तिच्याच कसोटीवर ठरविले पाहिजेत.

आता संक्षेपाचा मुद्दा निकालात काढता येतो. १९४८ साली अमेरिकेत दीर्घवादन तबकडी निघाली व तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले. पुढे ध्वनिफीत व कॅसेट आली, आणि त्यानंतर आलेल्या संगणकीय साधनांत तर काळाचे बंधन मुळीच उरले नाही. आज संपूर्ण मैफिलीचे मुद्रण घरी बसून अथपासून इतिपर्यंत ऐकता येते. संक्षेप हाच जर दोष असता, तर हे बंधन सुटताच श्रोता पुन्हा मैफिलीतला श्रोता व्हावयास हवा होता. तसे झालेले नाही. तीन तासांचे मुद्रणही तो पुन: पुन्हा तसेच ऐकतो, आवडती जागा मागे जाऊन शोधतो आणि नावडता भाग ओलांडून पुढे जातो. यावरून पालटाचे कारण लांबीत नव्हते, ते पुनरावृत्तीत होते, हा निष्कर्ष अपरिहार्य ठरतो.

४

पुनरावृत्तीमुळे प्रथमत: गाणे हे घटनेऐवजी वस्तू बनले. घटनेला साक्षी असतात, वस्तूला मालक असतो. पाहिजे तेव्हा उघडावी व पाहिजे तेव्हा मिटावी अशी पुस्तकासारखी सत्ता श्रोत्याला गाण्यावर प्राप्त झाली. या सत्तेबरोबर मैफिलीतील एक जबाबदारी गळून पडली. समोर बसलेल्या गवयासाठी एकाग्र राहणे हे रसिकाचे कर्तव्य होते. त्याचे अवधान सुटले तर ते गवयाला जाणवे, आणि गाण्यावरही त्याचा परिणाम होई. तबकडीला श्रोत्याच्या अवधानाशी कर्तव्य नाही. थिओडोर अडोर्नो या बेंजामिनच्या मित्राने १९३८ साली श्रवणाच्या अधोगतीविषयी जी कठोर टीका केली, तिचा रोख अशाच विस्कळीत, ओळखीच्या जागेपुरत्या जाग्या होणाऱ्या श्रवणावर होता.

परंतु या टीकेला एक प्रत्युत्तर भारतीय काव्यशास्त्रात सापडते. अभिनवगुप्ताने सहृदयाचे जे लक्षण केले आहे, त्यात काव्याच्या सतत अनुशीलनाने व अभ्यासाने ज्याचे मनरूपी दर्पण स्वच्छ झाले आहे असा वाचक अभिप्रेत आहे. सहृदयता ही केवळ जन्मजात नसून ती अभ्यासाने घडते, आणि अभ्यास म्हणजे पुन: पुन्हा सन्मुख होणे. या दृष्टीने पाहता पुनरावृत्ती ही रसग्रहणाची शत्रू नव्हे, ती त्याची पूर्वतयारीच होय. मैफिलीत जी जागा क्षणात निसटून जाई ती तबकडीवर शंभरदा ऐकता येते. स्वराला दिलेला सूक्ष्म कण, दोन स्वरांमधील मींड, बोलाच्या उच्चारातील लवचीकपणा यांची ओळख सामान्य श्रोत्याला होऊ लागली ती यामुळेच. पूर्वी असे कान तयार होण्यास संस्थानिकांच्या दरबारात किंवा गवयांच्या सहवासात वर्षे घालवावी लागत.

मात्र अभिनवगुप्ताचा अभ्यास आणि तबकडीची पुनरावृत्ती यांत एक भेद आहे, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. अनुशीलन अनेक काव्यांचे असते. त्यातून जी तयार होते ती ग्रहणाची शक्ती. उलट एकाच मुद्रणाच्या अतिपरिचयाने तयार होते ती अपेक्षा. पहिल्या प्रकारचा श्रोता नवे ऐकण्यास सज्ज होतो. दुसऱ्या प्रकारचा श्रोता जुनेच पुन्हा ऐकण्यास येतो. तबकडी गाजल्यावर तो गवई मैफिलीत बसला की तबकडीतल्या चिजेची फर्माईश होते, आणि गवयाने त्याच चिजेत निराळी वाट धरली तर श्रोता हिरमुसतो. स्वत:च्याच एका जुन्या गाण्याशी गवयाची तुलना होऊ लागते. ज्या कलेचे तत्त्व ‘तेच पण तसे नव्हे’ हे आहे, तिच्या उपासकाला ‘तेच आणि तसेच’ ही मागणी ऐकावी लागणे, हा या पालटातील खरा धोका होय.

या संदर्भात नभोवाणीशी तुलना उद्बोधक ठरते. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर दर आठवड्यास एक नवे गीत याप्रमाणे प्रसारित झाले. त्यात छप्पन्न गीते होती. प्रसारणाच्या वेळी अनेक घरांत श्रद्धेने नभोवाणीयंत्राची पूजा होत असे, असे सांगितले जाते. यंत्राने कला विधीपासून मुक्त होते, या बेंजामिनच्या विधानाच्या नेमके उलट हे उदाहरण आहे. त्याचे कारण असे की, नभोवाणीच्या प्रसारणात यंत्र असले तरी श्रोत्याच्या हाती सत्ता नव्हती. ठरलेल्या वेळी सर्वांनी मिळून ऐकावयाचे, आणि पुढील गीतासाठी आठवडाभर थांबावयाचे, हा नेम होता. कीर्तनाला जमलेल्या श्रोत्यांचे समकालीनत्व यात टिकून राहिले होते. तीच गीते पुढे ध्वनिमुद्रिकांवर आली व आवडीनुसार निवडून ऐकता येऊ लागली, तेव्हा ती लोकप्रिय राहिली. पण तो नेम संपला. वलय नाहीसे होते ते यंत्राने नव्हे; प्रतीक्षा संपल्याने ते नाहीसे होते, असा या उदाहरणाचा बोध आहे.

५

या पालटाचा हिशेब मांडताना मैफिलीविषयीच्या हळहळीत एक गोष्ट विसरली जाते. मैफिलीचे दार सर्वांना उघडे नव्हते. दरबारात प्रवेश मूठभरांना होता. खाजगी बैठकीस निमंत्रण लागे. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने कलावंतिणीच्या बैठकीस जाणे कल्पनेबाहेरचे होते. संगीत नाटकाने यातील काही बंधने सैल केली, आणि उरलेली पुष्कळशी तबकडीने तोडली. ज्या गायिकांचे तोंड पाहणे निषिद्ध मानले जाई त्यांचा आवाज माजघरात जाऊन पोहोचला. हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनी तिकीट लावलेल्या जाहीर जलशांत गाण्याची वाट स्त्रियांसाठी मोकळी करून दिली, आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकांनी त्या आवाजाविषयीचा आदर जलशाला न येणाऱ्यांच्याही मनात उत्पन्न केला. मैफिलीतील श्रोत्याचे गुण वर्णन करताना, त्या गुणांना पात्र असूनही दाराबाहेर राहिलेल्या श्रोत्यांची संख्या समीक्षकाने हिशेबात धरलीच पाहिजे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हा लाभ अधिक स्पष्ट आहे. घराण्याची विद्या गुरूच्या मर्जीवर अवलंबून होती व ती राखून ठेवण्याकडे प्रवृत्ती होती. तबकडीने ती विद्या, काही अंशी का होईना, उघड्यावर आणली. भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांनी बालपणी दुकानात लागलेली अब्दुल करीमखाँची झिंझोटीतील ठुमरी ऐकली आणि असे गाणे आपल्याला आले पाहिजे या ध्यासाने पुढे ते घर सोडून बाहेर पडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) हे तर लहानपणी नामवंत गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा म्हणून दाखवीत, आणि त्याच अद्भुत गुणामुळे प्रथम प्रसिद्धीस आले.

द्रोणाचार्यांच्या मृण्मय प्रतिमेसमोर धनुर्विद्या शिकणाऱ्या एकलव्याची आठवण येथे सहज होते. तबकडी ही अशी प्रतिमाच होय. ती नाकारीत नाही, जात विचारीत नाही, कंटाळत नाही. परंतु ती चूकही दाखवीत नाही. एकलव्याला अंगठा द्यावा लागला तो गुरूच्या मागणीमुळे. तबकडीच्या शिष्याला जे द्यावे लागते ते न मागता जाते, आणि ते म्हणजे स्वत:चा आवाज. अनुकरण जितके हुबेहूब, तितका हा धोका मोठा. म्हणूनच उपरिनिर्दिष्ट दोन उदाहरणांची पुढील वाटचाल ध्यानात घेणे अगत्याचे आहे. भीमसेन अब्दुल करीमखाँच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे, कुंदगोळ येथे जाऊन राहिले. कुमार गंधर्व मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे शिकले. तेथे त्यांना अनेक घराण्यांची गायकी डोळसपणे तपासून पाहण्याची दृष्टी मिळाली, आणि पुढे देवास येथील दीर्घ आजारानंतर त्यांनी जे गाणे गायिले ते कोणत्याही तबकडीचे प्रतिबिंब नव्हते. दोघांच्याही बाबतीत पुनरावृत्तीने तहान उत्पन्न केली. ती भागली मात्र प्रत्यक्ष विद्येने. तबकडीवरच जे थांबले त्यांची नावे या यादीत येत नाहीत, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

६

शेवटचा मुद्दा इतिहासलेखनाचा आहे, आणि विद्यापीठीय अभ्यासाच्या दृष्टीने तो सर्वाधिक महत्त्वाचा आहे. पुन: पुन्हा ऐकता येणे हीच एकदा प्रमाणाची कसोटी ठरली म्हणजे, जे मुद्रित झाले नाही ते हळूहळू इतिहासाबाहेर जाते. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांच्या आवाजाचे मुद्रण उपलब्ध नाही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचेही नाही. भास्करबुवांची थोरवी आज कळते ती समकालीनांच्या लेखांवरून, त्यांच्या शिष्यांच्या गायनावरून आणि त्यांनी बांधलेल्या नाट्यपदांवरून. एका अर्थी बालगंधर्वांच्या तबकडीत भास्करबुवाही आहेत. पण ते जेथे आहेत तेथे ऐकण्यास पुनरावृत्ती पुरत नाही, अनुमान करावे लागते. मुद्रित गायनाचाच तेवढा अभ्यास करणारा विद्यार्थी हे अनुमान करण्याचे कष्ट घेणार नाही, आणि मग ज्यांचा आवाज यंत्रास मानवला त्यांनाच तो युगप्रवर्तक समजू लागेल. आरंभीच्या कर्ण्याला बारीक व टिपेचे आवाज चांगले पकडता येत, खर्जातील गंभीर आलापी पकडता येत नसे. त्या काळाच्या अभिरुचीविषयी तबकड्यांवरून निष्कर्ष काढताना, ती अभिरुची कर्ण्याची की कानाची, हा विवेक केला पाहिजे.

याच अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या उदाहरणाने हा विषय पुरा करता येईल. गोव्यातील केरी गावच्या या थोर गायिका ध्वनिमुद्रणाला फारशा अनुकूल नव्हत्या. आपले गाणे समोर बसून, योग्य त्या आदराने ऐकले जावे, हा त्यांचा आग्रह होता. असे असता १९७७ साली अमेरिकेने अवकाशात पाठविलेल्या ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्णलेपित तबकडीत जगभरच्या संगीताचे जे सत्तावीस नमुने निवडले गेले, त्यांत केसरबाईंची भैरवी आहे. तिची लांबी साडेतीन मिनिटांची आहे. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले आणि १६ सप्टेंबर रोजी केसरबाईंचे निधन झाले. तबकडीसोबत सुईही ठेवलेली आहे, आणि ती कशी वाजवावी याच्या खुणा वेष्टनावर कोरलेल्या आहेत. भैरवी मैफिलीच्या अखेरीस का म्हणतात, तिच्यातील कोमल स्वर कानी पडताच उठण्याच्या तयारीत असलेले श्रोते पुन्हा का स्थिर होतात, याच्या खुणा मात्र कोरता आलेल्या नाहीत. कारण ते ज्ञान तबकडीत नसते. ते ऐकणाऱ्यापाशी असावे लागते.

सारांश, यंत्राने संगीत वाढविले की बुडविले हा प्रश्नच नीट घातलेला नाही. यंत्राने गाणे टिकविण्याची सोय केली आणि श्रोत्याला टिकविण्याचे काम समाजावर सोपविले. तबकडीतून कान तयार करून मैफिलीत जाणारा रसिक हा यंत्रपूर्व रसिकापेक्षा अधिक संपन्न असतो. तबकडीची अपेक्षा घेऊन मैफिलीत जाणारा त्याहून दरिद्री. दोघेही त्याच यंत्राची अपत्ये होत. आज पाहिजे ते गाणे पाहिजे त्या क्षणी उपलब्ध असताना हा भेद अधिकच महत्त्वाचा झाला आहे, कारण पूर्वी दुर्मिळतेने जे अवधान आपोआप मिळत असे ते आता शिक्षणाने मिळवावे लागते. संगीताच्या अभ्यासक्रमात गायनाच्या बरोबरीने श्रवणाला स्थान असावे, एकाच रागाची अनेकांची मुद्रणे विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्यांतील भेद त्यांच्याकडून शोधून घ्यावे, आणि मग त्यांना जिवंत मैफिलीसमोर बसवावे, ही सूचना या दृष्टीने विचारार्ह आहे. ‘वन्स मोअर’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाला पुढच्या वेळी काय निराळे येईल याची उत्सुकता होती. ती उत्सुकता शाबूत राहिली तर पुनरावृत्तीचे भय बाळगण्याचे कारण नाही.